चेहरे कोणी निवडले, हेही मुलांना सांगावे

लंडनमध्ये ट्रॅफल्गर चौकाजवळ, नॅशनल गॅलरीला लागूनच, नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आहे. शेजारच्या नॅशनल गॅलरीत चित्र श्रेष्ठ आहे म्हणून ते भिंतीवर लागते. इथे मात्र चित्रातली व्यक्ती महत्त्वाची मानली गेली म्हणून चित्र भिंतीवर येते, मग ते दरबारी चित्रकाराने काढलेले असो किंवा एखाद्या हौशी भावाने आपल्या बहिणींचे काढलेले असो. अशा संग्रहाची मुलांना ओळख करून देताना सर्वांत सोपे पडणारे वाक्य म्हणजे ‘ही ब्रिटनच्या इतिहासातल्या थोर माणसांची चित्रे आहेत’. हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून मुख्य गोष्टच गळून जाते. थोर कोणी ठरवले, चित्र काढायला कोणी सांगितले, पैसे कोणी मोजले, ते इतकी वर्षे कोणी जपले आणि गॅलरीत आणायचे कोणी मान्य केले, यांतले काहीच त्यात येत नाही. माझे म्हणणे असे की या गोष्टी मुले मोठी होईपर्यंत राखून ठेवण्याचे कारण नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही त्या पहिल्याच भेटीत सांगता येतात आणि सांगायला हव्यात, कारण त्या वगळल्या की उरतात ती केवळ नावे आणि सनावळ्या.

गॅलरीचा जन्मच मुळी वादातून झाला. पाचवे अर्ल स्टॅनहोप यांनी ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात असताना १८४६ आणि १८५२ मध्ये ही कल्पना मांडली होती आणि दोन्ही वेळा ती बारगळली. अखेर १८५६ मध्ये, लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात मांडलेल्या तिसऱ्या प्रयत्नाला यश आले, २,००० पौंडांचे अनुदान मंजूर झाले आणि २ डिसेंबर १८५६ रोजी गॅलरी रीतसर स्थापन झाली. इतिहासकार मेकॉले आणि विचारवंत कार्लाइल हे तिचे खंदे समर्थक होते. पंतप्रधान पामर्स्टन यांनी पार्लमेंटमध्ये केलेला युक्तिवाद सरळ होता: ज्यांनी कौतुकास्पद कामे केली त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर असले की जिवंत माणसांना तसेच वागण्याची प्रेरणा मिळते. पण विश्वस्तांनी निवडीसाठी जे नियम घालून घेतले ते या युक्तिवादाच्या बरेच पुढे जाणारे होते. निवड व्यक्तीच्या प्रसिद्धीवरून करायची, चित्रकाराच्या कौशल्यावरून नाही. ती करताना कोणत्याही राजकीय वा धार्मिक पक्षाकडे झुकायचे नाही. आणि एखाद्याच्या हातून घडलेले मोठे दोष, ते सर्वांना मान्य असले तरी, त्याला वगळण्याचे पुरेसे कारण समजायचे नाहीत, जर त्याच्या चित्राने देशाच्या इतिहासावर प्रकाश पडत असेल. हयात व्यक्तीचे किंवा मृत्यूला दहा वर्षे न उलटलेल्या व्यक्तीचे चित्र घ्यायचे नाही, असाही एक नियम होता. त्याला अपवाद सत्तेवरील राजा वा राणी आणि त्यांचा जोडीदार, किंवा मग सर्व विश्वस्तांचे एकमत. हयात व्यक्तींवरची ही बंदी थेट १९६९ मध्ये उठली.

म्हणजे स्थापनेतच दोन सूर होते. एक पामर्स्टन यांचा, आदर्श समोर ठेवण्याचा. दुसरा विश्वस्तांच्या नियमांचा, माणूस गुणदोषांसह नोंदवण्याचा. मुलांसाठीच्या परिचयात पहिला सूर घेतला जातो आणि दुसरा सोडून दिला जातो, ही माझी तक्रार आहे. मुलांपुढे थोरपणाच तेवढा ठेवणारे लोक गॅलरीच्या परंपरेचा हवाला देतात, तेव्हा त्यांनी १८५६ चे नियम पुन्हा वाचावेत.

संग्रहात पहिला क्रमांक लागला शेक्सपिअरचा. लॉर्ड एल्समिअर यांनी भेट दिलेले ‘चॅंडॉस’ नावाने ओळखले जाणारे हे चित्र १६०० ते १६१० च्या दरम्यानचे असावे, ते जॉन टेलर नावाच्या चित्रकाराचे मानले जाते, आणि शेक्सपिअर समोर बसलेला असताना काढले गेले असण्याची सर्वांत अधिक शक्यता ज्या चित्राबाबत आहे ते हेच. या एका वाक्यात ‘असावे’, ‘मानले जाते’ आणि ‘शक्यता’ असे तीन सावधपणे टाकलेले शब्द आहेत, आणि मुलांसाठी लिहिताना नेमके तेच प्रथम कापले जातात. मुलांना संदिग्धता पेलत नाही असे समजून मोठी माणसे तसे करतात. प्रत्यक्षात डाव्या कानात सोन्याची बाळी घातलेला हा दाढीवाला माणूस खरोखर शेक्सपिअर आहे का, आणि आपल्याला ते कळणार कसे, हा प्रश्न समोर ठेवला तर मूल त्या चित्रापुढे अधिक वेळ थांबते. हा शेक्सपिअर, याने नाटके लिहिली, एवढेच सांगितले तर थांबायला काही कारणच उरत नाही.

याहून सोयीचे उदाहरण सहाव्या एडवर्डचे आहे. विल्यम स्क्रॉट्सने १५४६ मध्ये काढलेल्या या चित्रात समोर उभे राहून पाहिले तर एका मुलाचा चेहरा आडवा ताणून विद्रूप झालेला दिसतो, नाक लांबच लांब, कपाळ पसरलेले. उजव्या कडेला जाऊन, भिंतीला जवळजवळ गाल लावून तिरपे पाहिले की तोच चेहरा एकदम आवळून येतो आणि एका गोऱ्या, गंभीर राजपुत्राची बाजूने घेतलेली प्रतिमा दिसू लागते. चित्र काढले तेव्हा तो पाहणाऱ्या मुलांच्याच वयाचा होता. जानेवारी १५४७ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तो राजा झाला. मुलांना गॅलरीत नेणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात या चित्रापासून करावी असे मला मनापासून वाटते, कारण इथे काहीही सांगावे लागत नाही. कुठे उभे राहावे हे मूल स्वतः शोधते. हा खेळ संपता संपता विचारावे की राजपुत्राचा चेहरा असा लपवून काढण्याची हौस कोणाला होती, आणि असे चित्र कोणाला दाखवून कोण खूश होत असेल. मुले उत्तर देतात. पुष्कळदा ते चुकीचे असते, पण प्रश्न योग्य ठिकाणी लागलेला असतो.

तिथून पहिल्या एलिझाबेथच्या ‘डिचली’ चित्राकडे जाता येते. मार्कस गीरार्ट्स धाकटा याने १५९२ च्या सुमारास काढलेल्या या भव्य चित्रात राणी इंग्लंडच्या नकाशावर उभी आहे, आणि तिचे पाय टेकले आहेत ते ऑक्सफर्डशरवर. हे योगायोगाने घडलेले नाही. चित्र करवून घेणारे सर हेन्री ली यांचे घर तिथे, डिचलीत होते. राणीच्या एका बाजूला स्वच्छ आकाश आहे, दुसऱ्या बाजूला ढग आणि विजा. कॅनव्हासच्या कडा पुढे कधीतरी छाटल्या गेल्यामुळे त्यावर लिहिलेल्या सुनीताच्या ओळी अर्धवट तुटलेल्या आहेत. पांढऱ्या रेशमी पोशाखावरचे मोती मोजायला लावणे हा मुलांसाठीचा नेहमीचा खेळ होऊ शकतो आणि त्यात वाईट काही नाही. पण हेन्री ली यांनी राणीचे पाय आपल्या गावावर का ठेवायला लावले असतील, हा प्रश्न मोत्यांइतकाच सोपा आहे आणि तो मुलाला सोळाव्या शतकातल्या दरबारात घेऊन जातो. मर्जी मिळवण्यासाठी चित्रे काढून घेतली जात, हे एकदा कळले की पुढच्या प्रत्येक भरजरी चित्राकडे मूल वेगळ्या नजरेने पाहू लागते.

काही चित्रे तर गॅलरीत आली ती निव्वळ नशिबाने. ब्रॉन्टे भगिनींचे १८३४ च्या सुमाराचे चित्र त्यांच्या भावाने, ब्रॅनवेलने काढले. ॲन, एमिली आणि शार्लट अशा तिघी त्यात आहेत, आणि एमिली व शार्लट यांच्या मध्ये एक खांबासारखा फिकट पट्टा आहे. तो मुळात खांब नव्हता. तिथे ब्रॅनवेलने स्वतःलाच काढले होते आणि नंतर स्वतःवर रंग फासून टाकला होता. काळ गेला तसा वरचा रंग पारदर्शक होत गेला आणि आतला माणूस पुन्हा दिसू लागला. कॅनव्हासवर घड्यांच्या रेघा स्पष्ट दिसतात, कारण हे चित्र घडी घालून ठेवलेले होते. शार्लटच्या मृत्यूनंतर तिचे पती आर्थर बेल निकल्स आयर्लंडला परतले, त्यांनी दुसरे लग्न केले, आणि १९१४ मध्ये त्यांच्या या दुसऱ्या पत्नीला ते एका कपाटावर सापडले. चित्रकला म्हणून पाहिले तर काम कच्चे आहे. तरीही गॅलरीने ते घेतले, घड्या तशाच दिसू दिल्या, आणि योग्यच केले. जगभर वाचल्या जाणाऱ्या तीन लेखिकांचे एकत्र चित्र दुमडून कपाटावर टाकलेले होते आणि कोणी कपाट आवरले नसते तर ते आपल्यापर्यंत पोचले नसते, ही गोष्ट मुलांना सांगितल्याशिवाय त्या चित्रासमोरून पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते.

मेरी सीकोल यांचे चित्र याहून अधिक बोलके आहे. जमैकात जन्मलेल्या या स्त्रीने क्रिमियन युद्धात स्वखर्चाने रणभूमीजवळ ठाण मांडून सैनिकांची सेवा केली. ते युद्ध १८५६ मध्ये, म्हणजे गॅलरी स्थापन झाली त्याच वर्षी संपले, आणि त्या काळात लंडनमध्ये सीकोल यांचे नाव सर्वतोमुखी होते. आल्बर्ट चॅलनने १८६९ मध्ये त्यांचे लहानसे तैलचित्र काढले: गळ्याभोवती लाल रुमाल, छातीवर तीन पदके. पुढे हे चित्र एका छापील चित्राच्या चौकटीत, मागची फळी म्हणून वापरले गेले आणि विसरले गेले. जुन्या वस्तूंच्या विक्रीतून ते पुन्हा हाती लागले आणि २००८ मध्ये गॅलरीने विकत घेतले. १८८१ मध्ये त्या वारल्या, म्हणजे दहा वर्षांचा नियम धरला तरी १८९१ पासून त्यांचे चित्र घेण्यात कोणतीही आडकाठी नव्हती. प्रसिद्धी हा निकष होता आणि ती त्यांच्याकडे होती. मग शंभराहून अधिक वर्षे त्यांची आठवण कोणी का ठेवली नाही? हा प्रश्न मुलांना विचारल्याने त्याच युद्धातल्या सुप्रसिद्ध परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. मुलांना फक्त इतके उमगते की इतिहासात नाव राहणे हे कामावर जितके अवलंबून असते तितकेच पुढच्या पिढ्यांनी काय जपले यावरही.

आता १९१४ सालाकडे यावे, कारण या गॅलरीच्या इतिहासातले सर्वांत शिकवण्याजोगे वर्ष मला तेच वाटते. त्या वर्षी १७ जुलै रोजी स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एका कार्यकर्तीने जॉन एव्हरेट मिले यांनी काढलेल्या कार्लाइलच्या चित्रावर सुरा चालवला. ज्याने गॅलरीच्या स्थापनेला बळ दिले त्याच माणसाचा चेहरा गॅलरीच्या भिंतीवर फाडला गेला. त्या काळात पोलिसांनी अशा स्त्रियांची छायाचित्रे संग्रहालयांना पुरवली होती, दारावरच्या रखवालदारांना त्या ओळखता याव्यात म्हणून. तुरुंगात छायाचित्र काढून घेण्यास या स्त्रिया तयार नसत. एव्हलिन मॅनेस्टा हिने इतका विरोध केला की पहाऱ्यावरच्या व्यक्तीने तिच्या गळ्याभोवती हात आवळून तिचे डोके धरून ठेवले. वाटण्यासाठी तयार केलेल्या प्रतीत तो हात मिटवून त्या जागी गळपट्ट्यासारखे काहीतरी दाखवले गेले. गॅलरीला सावध करण्यासाठी काढलेली ती छायाचित्रे आज त्याच गॅलरीच्या संग्रहात आहेत. आणि मताधिकाराच्या लढ्याच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांचे, स्वतः या लढ्यात तुरुंगवास भोगलेल्या जॉर्जिना ब्रॅकनबरी यांनी १९२७ मध्ये काढलेले तैलचित्रही तिथेच आहे.

एका बाजूला समोर बसून, मैत्रिणीने आदराने काढलेले व्यक्तिचित्र आणि दुसऱ्या बाजूला मान आवळून घेतलेले, नंतर दुरुस्त करून सभ्य केलेले छायाचित्र: हे दोन चेहरे शेजारी ठेवून दहा वर्षांच्या मुलाला विचारावे की यांतले कोणते चित्र त्या व्यक्तीच्या मर्जीने निघाले. व्यक्तिचित्राबद्दल इतके मूलभूत सांगणारा दुसरा धडा मला माहीत नाही. चेहरा टिपताना दोन माणसांमध्ये काय घडले, हे चित्रात कधी दिसते, कधी पुसलेले असते, आणि पुसले गेले असेल हे ध्यानात ठेवून पाहण्याची सवय लहानपणीच लागू शकते. हाती फोन घेऊन एकमेकांची छायाचित्रे काढणाऱ्या आणि ती सुधारून पाठवणाऱ्या आजच्या मुलांना तर हा धडा आपल्याच जगातला वाटेल.

साम्राज्यविषयक चित्रांपाशी आले की मोठ्यांची अडचण वाढते. फ्रान्सिस हेमनने १७६० च्या सुमारास रंगवलेले प्लासीच्या लढाईनंतरच्या क्लाइव्ह आणि मीर जाफर यांच्या भेटीचे चित्र या संग्रहात आहे. क्लाइव्ह ताठ उभा आहे, मीर जाफर त्याच्यापुढे लवलेला आहे. हेमन भारतात कधीच आला नव्हता. हे चित्र ज्या मोठ्या कामाशी संबंधित आहे ते लंडनच्या व्हॉक्सहॉल उद्यानात, करमणुकीसाठी येणाऱ्या लोकांना पाहण्यासाठी लावलेले होते. मीर जाफर हा सिराजउद्दौलाचा सेनापती होता आणि लढाईआधीच कंपनीशी त्याचा गुप्त करार झाला होता, ही गोष्ट चित्रातून कळत नाही. कळते ती विजेत्याची उदारता. टॉमस जोन्स बार्करच्या १८६२-६३ मधील चित्रात राणी व्हिक्टोरिया विंडसरच्या महालात एका गुडघे टेकलेल्या आफ्रिकी पुरुषाला बायबल देत आहे आणि बाजूला पामर्स्टन उभे आहेत, ज्यांनी काही वर्षांपूर्वी याच गॅलरीसाठी पार्लमेंटमध्ये बाजू मांडली होती. असा प्रसंग प्रत्यक्ष घडल्याचा पुरावा नाही. तरीही चित्र लोकप्रिय झाले, कारण लोकांना तसे घडले असावे असे वाटत होते.

ही चित्रे मुलांना दाखवू नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. ती दाखवलीच पाहिजेत. लंडनच्या शाळांमधल्या अनेक मुलांचे पूर्वज या चित्रांत लवलेल्या आणि गुडघे टेकलेल्या बाजूचे आहेत. त्या मुलांना चित्रकार तिथे हजर नव्हता, त्याने हे कल्पनेने रचले, एवढे साधे सत्य सांगणे हा राजकीय हट्ट नाही. ते न सांगणे मात्र त्या मुलांना फसवणे आहे.

शिवाय हा संग्रह एकाच बाजूने बोलत नाही, हेही मुलांना दाखवता येते. विल्यम होअरने १७३३ मध्ये काढलेले अयुबा सुलेमान दियालो यांचे चित्र घ्यावे. पश्चिम आफ्रिकेतल्या विद्वान मुस्लिम घराण्यातले दियालो पकडले गेले, गुलाम म्हणून मेरीलँडला विकले गेले, पुढे लंडनला आले, मुक्त झाले आणि मायदेशी परतले. चित्र काढायचे ठरले तेव्हा त्यांनी आपल्या देशाच्याच पोशाखात बसण्याचा आग्रह धरला. न पाहिलेला पोशाख कसा रंगवणार, अशी अडचण चित्रकाराने सांगितली, तर त्यावर त्यांनी विचारल्याचे समकालीन चरित्रात नोंदलेले आहे की न पाहिलेला पोशाख रंगवता येत नसेल तर कोणीही न पाहिलेला देव तुम्ही चित्रकार कसा रंगवता? चित्रात त्यांच्या गळ्यात कुराण आहे आणि त्यांची नजर थेट आपल्याकडे आहे. कतारने विकत घेतलेले हे चित्र २०११ मध्ये गॅलरीत उसनवारीवर आले. त्याच्या जोडीला जोशुआ रेनॉल्ड्सने १७७६ च्या सुमारास काढलेले माई यांचे चित्र ठेवता येईल. पॅसिफिकमधल्या रायाटेआ बेटाच्या या तरुणाला शुभ्र वस्त्रांत, अनवाणी, प्राचीन पुतळ्याच्या ऐटीत उभे केले आहे. ही ऐट त्याची किती आणि रेनॉल्ड्सची किती, हे ठरवणे कठीण आहे. हे चित्र २०२३ मध्ये अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाशी भागीदारी करून ५ कोटी पौंडांना घेतले गेले, आणि आता दोन्ही देशांत आळीपाळीने दाखवले जाणार आहे.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे. लहान मुलांना आधी आदर करायला शिकवावे, चिकित्सा नंतर येईलच. उलट क्रमाने शिकवले तर मूल कशावरच विश्वास ठेवत नाही. या भीतीत तथ्य आहे. प्रत्येक चौकटीपुढे कोणाचे पाप काढायचे, अशी सहल झाली तर ती मुलांसाठी रुक्ष आणि मनाला कोरडी करणारी ठरेल. पण आदर आणि चिकित्सा एकमेकींच्या वाटेत येतात हे गृहीतकच मला पटत नाही. मॅगी हॅम्ब्लिंग यांनी १९८५ मध्ये काढलेले डोरोथी हॉजकिन यांचे चित्र पाहावे. १९६४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या या वैज्ञानिक कागदपत्रांच्या पसाऱ्यात बसल्या आहेत, समोर रेणूची प्रतिकृती आहे, आणि त्यांना चार हात आहेत. माणसाला चार हात कसे, असे मुले लगेच विचारतात. हात थांबतच नसत, एवढ्या कामात त्या गढलेल्या असत, आणि संधिवाताने बोटे वाकडी झाली असतानाही त्यांनी काम सोडले नाही, हे त्यावर सांगितले की आदर आपोआप वाटतो. तो वाटतो कारण चित्रकर्तीने घेतलेला निर्णय मुलाने स्वतः पकडलेला असतो. पामर्स्टन यांना हवी असलेली प्रेरणा या वाटेने अधिक खात्रीने मिळते.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. तीस मुलांना घेऊन आलेल्या शिक्षिकेला तासाभरात एवढे कसे जमायचे? उपाय एकच, चित्रे कमी करावीत. चाळीस चित्रांपुढून पळवत नेऊन कुत्रे, मुकुट आणि टोप्या शोधायला लावणाऱ्या कागदापेक्षा तीन चित्रांपुढे जमिनीवर बसवलेला वर्ग अधिक पाहतो. शोधायच्या वस्तूवर खूण केली की पाहणे तिथेच संपते, हा त्या कागदाचा मूळ दोष आहे.

गॅलरीकडूनही माझी अपेक्षा आहे. २०२० ते २०२३ अशी तीन वर्षे बंद राहून तिने आपली दालने नव्याने मांडली, विसाव्या शतकापासून पुढच्या दालनांत स्त्रियांच्या चित्रांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर नेले आणि दरवाजांवर कलाकार ट्रेसी एमिन यांनी घडवलेले अनाम स्त्रियांचे ४५ ब्राँझ चेहरे बसवले. ही दिशा बरोबर आहे. तिच्यापुढचे पाऊल म्हणून मुलांसाठीच्या प्रत्येक पाटीवर चित्र गॅलरीत कसे आले ते एका ओळीत लिहावे, आणि मत बदलले असेल तर तेही लिहावे. १९६५ मध्ये लेडी जेन ग्रे (जेमतेम नऊ दिवसांची राणी) म्हणून विकत घेतलेले चित्र आठव्या हेन्रीची सहावी पत्नी कॅथरीन पार यांचे असल्याचे १९९० च्या दशकात दागिन्यांच्या जुन्या यादीवरून सिद्ध झाले. चित्रातला मुकुटाच्या आकाराचा अलंकार त्या यादीत सापडला. नावाची पाटी बदलली, एवढ्यावर हा विषय न मिटवता ही उकल मुलांना वाचायला द्यायला हवी. संशोधन म्हणजे काय, ते यातून त्यांना नीट समजेल.

आणि भेटीच्या शेवटी मुलांना विचारावे की पुढचा चेहरा कोणाचा असावा. मुले खेळाडूंची, गायकांची, कदाचित आपल्या आजीची नावे घेतील. मोठ्यांनी त्यावर हसू नये. झोपलेल्या फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमची तासाभराहून लांब चित्रफीत कलाकार सॅम टेलर-वुड यांनी गॅलरीसाठीच २००४ मध्ये केलेली आहे. नाव सुचवणाऱ्या प्रत्येक मुलाने सोबत कारण लिहावे, शाळेने ती पत्रे गॅलरीकडे पाठवावीत, आणि गॅलरीने त्यांतल्या काहींना तरी उत्तर द्यावे, ज्यात ते नाव विश्वस्तांपुढे ठेवता येईल की नाही आणि का, हे मुलांना समजेल अशा शब्दांत स्पष्ट लिहिलेले असेल.